सदतिसाव्या पानावरचं पोतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, ज्यांनी माझं पुस्तक काढलं त्यांना तर नाहीच. आणि गंमत बघा, माझ्याबद्दल लोकांचं मत असं की ही बाई काही लपवत नाही. दत्तक गेल्याची सगळी हकिगत हिनं चित्रं काढून चारचौघांत मांडली, आता हिच्याकडे लपवायला उरलंय काय? उरलंय. एक पान उरलंय. ते छापलेलं आहे, लोकांच्या कपाटांत आहे — तरी ते मी लपवलेलं आहे. हे कसं, ते सांगायचा प्रयत्न करते. मध्येच अडखळले तर समजून घ्या. किंवा नका घेऊ.

मी चित्रकलेची बाई. लातूरच्या एका शाळेत तीसेक वर्षं मुलांना चित्रं शिकवली. आमच्यात स्मरणचित्र म्हणून एक विषय असतो. आठवडी बाजार काढा, नळावरची भांडणं काढा, जे पाहिलंय ते आठवून काढा. मुलं हमखास बाजारात हत्ती घुसवायची. मी कागद उचलून विचारायची, “हत्ती पाहिलास का बाजारात? मग कशाला काढलास?” मुलं म्हणायची, “बाई, जागा रिकामी दिसत होती.” मी त्यावर छडी उगारायची. मारली नाही कधी, पण उगारायची.

लक्षात ठेवा हे. जागा रिकामी दिसत होती.

माझा जन्म मुखेडच्या पलीकडच्या एका खेड्यातला. पाच वर्षांची असताना मला लातूरला आणलं. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. जिनं मला जन्म दिला ती तेव्हा खडी फोडायला जायची, आणि दुष्काळी कामावर मिळणारा सुकडीचा कोरडा खाऊ फडक्यात बांधून आम्हा तिघांसाठी आणायची. दोन भाऊ आणि मधली मी. लातूरला तिची थोरली बहीण होती. गोलाईच्या बाजारपेठेजवळ भुसार मालाचं दुकान, घरात दाणागोटा भरलेला, पण अकरा वर्षं होऊन मूल नव्हतं. सासू मुलाचं दुसरं लग्न लावायच्या गोष्टी करायला लागली होती. म्हणून थोरली बहीण धाकटीकडे गेली आणि पदर पसरला. तुझ्या तिघांतलं एक दे.

धाकटीनं मला दिलं.

एवढंच झालं. दुष्काळ होता म्हणून दिलं नाही — बहिणीचा संसार मोडू नये म्हणून दिलं. दुष्काळ नसता तरी दिलं असतं. पण त्या साली आजूबाजूच्या गावांत लोक वाटेल ते बोलत होते, अमक्यानं पोर विकली, तमक्यानं पोराच्या बदल्यात धान्य आणलं. खरं किती, खोटं किती, कोण जाणे. तिच्या कानावर ते होतं.

दत्तकाचा कार्यक्रम घरच्या घरीच झाला. आम्हा लिंगायतांचे स्वामी आले, त्यांनी माझ्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा बदलून नवा बांधला. अप्पांनी, म्हणजे थोरलीच्या दुकानदार नवऱ्यानं, मला मांडीवर बसवून नारळ घेतला. त्याच दिवसापासून मावशीला आई म्हणायचं आणि आईला मावशी. मी चुकले की शेजारणी हसायच्या. मी लवकर शिकले. फार लवकर शिकले, असं आता वाटतं. यापुढे इथे मी मावशी म्हणेन ती जन्म देणारी, एवढं ध्यानात ठेवा. मला दुसरं काही म्हणायची सवयच राहिली नाही.

मावशी संध्याकाळच्या एसटीनं परत निघाली. अप्पांनी हमालाच्या हातगाडीवर ज्वारीचं पोतं ठेवून तिच्यामागे स्टँडवर पाठवलं. मनानं चांगला माणूस. घरी दोन पोरं उपाशी आहेत, नेऊ दे, एवढाच विचार.

थोड्या वेळानं हमाल परत आला. गाडीवर पोतं तसंच. म्हणाला, “बाईनं हात लावला न्हाई. म्हणल्या, मालकाला सांग, मी लेकरू बहिणीला दिलंय.”

ते पोतं दुकानाच्या दारात उतरवलं. मी त्याच्यावर बसले होते. आईनं दिलेला गूळ-शेंगदाण्याचा लाडू खात होते. अप्पांच्या दुकानाचा छाप पोत्यावर होता, निळा, बैलाचा. तो बैल मी नखानं खरवडत होते. पाच वर्षांच्या मुलीला काय आठवतं, असं तुम्ही म्हणाल. मला हे आठवतं. ज्या एका गोष्टीबद्दल मी शपथ घेऊ शकते, ती हीच — पोतं परत आलं होतं.

नंतर मावशी वर्षातून एक-दोनदा यायची. यायची म्हणजे काय — दुकानाच्या पायरीपर्यंत. पायरीवर बसायची. माझ्याकडे बघायची. माझ्या वेणीला हात लावायची. घरात येऊन जेवायची नाही, चहा घ्यायची नाही. तहान लागली तर रस्ता ओलांडून नगरपालिकेच्या नळावर ओंजळीनं प्यायची. स्वतःची भाकरी फडक्यात आणायची, ठेचा आणायची, आणि पायरीवरच खायची.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. मी पंधरा वर्षांची. गोलाईत गुलाल, ढोल, पेढे. आता आपण जिल्ह्याच्या गावचे, म्हणून आम्ही मुली उगीचच ताठ चालत होतो. मावशी गावातल्या लोकांबरोबर ट्रकमधून आली होती. केसांत गुलाल, पायरीवर बसून भाकरी मोडत होती. माझ्या मैत्रिणी बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत जाऊन आईवर डाफरले. ही अशी काय करते? आपल्या घरात येऊन दोन घास खाल्ले तर हिचं काय जातं? मुद्दाम आपली लाज काढते का?

आई तेव्हा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत. म्हणाली, “तिनं तुला दिलं तवाच ठरीवलं हाय. ह्या घरातला एक दाना पोटात गेला तर लोक म्हन्तील, पोर इकली. पानी बी पीत न्हाई ती हितलं.” मग भाकरी तव्यावर टाकत, “म्या लई रडून सांगितलं. ऐकत न्हाई.”

म्हणजे बघा — मला माहीत होतं. पंधराव्या वर्षापासून पक्कं माहीत होतं. मावशीपाशी ना जमीन, ना दागिना. तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती, की तिनं काही घेतलं नाही.

मी चित्रकथा काढायला लागले ती पन्नाशीच्या जवळ आल्यावर. आधी गंमत म्हणून वहीत चौकटी आखायची. एका चौकटीत दुकान, एकीत अप्पांची टोपी, एकीत दोन आया आणि मध्ये मी, डोक्यावर मोठं प्रश्नचिन्ह. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं त्या वह्या पुण्याला एका प्रकाशनात नेऊन दाखवल्या. तिथून निरोप आला, याचं पुस्तक करू. ते वर्ष असं की लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं. आम्ही घागरींच्या रांगा लावत होतो आणि बाहेरचे लोक आमचे फोटो काढत होते. दुष्काळ म्हटलं की सगळ्यांना लातूर आठवत होतं. प्रकाशनाच्या बाईंनी फोनवर सुचवलं, तुमच्या दत्तकाची गोष्ट आणि तो जुना दुष्काळ, हे आणखी जवळ आणता येईल का?

त्यांनी खोटं काढा असं म्हटलं नाही. त्यांच्यावर मला काही ढकलायचं नाही. त्यांना काय माहीत?

सदतिसावं पान. अख्ख्या पानाचं एकच चित्र. मावशी मला देऊन निघाली आहे, पाठमोरी, स्टँडकडे. मी ते खरं काढलं होतं. लुगड्याचा काष्टा, अनवाणी पाय, दोन्ही हात रिकामे. काढून झालं आणि मी लांब धरून बघितलं. बाई कागदावर ठरेना. हलकी दिसत होती. नुसती चाललेली बाई. ती कुठेही चाललेली असू शकते — बाजाराला, नदीला. या चित्रावर कोण थांबेल? रविवारची दुपार होती, शाई उघडी होती. मी तिच्या डोक्यावर गाठोडं काढलं. मग गाठोड्याचं पोतं केलं. मग पोत्यावर बैलाचा छाप काढला. मग बाई ठरली. मान दबली, पाठीला बाक आला, पाऊल जमिनीत रुतलं. काय सुंदर चित्र झालं म्हणून सांगू.

आणि खाली एक ओळ लिहिली. “त्या वर्षी माझी किंमत एक पोतं ज्वारी होती.”

भुसार दुकानात वाढलेली मी. भरलेलं पोतं शंभर किलोचं असतं, ते उचलायला दोन हमाल लागतात, हे मला कळत नव्हतं? अप्पा असते तर त्यांनी आधी त्याच गोष्टीवर माझी टर उडवली असती. पण अप्पा नव्हते, आईही जाऊन चार वर्षं झाली होती. खरं माहीत असलेली एकच व्यक्ती उरली होती, आणि तिला वाचता येत नव्हतं. हा हिशोब मी तेव्हा मनात केला होता का? मला नाही म्हणायचं आहे. पण पायरीवरच्या भाकरीचं पान मी आधी काढून ठेवलं होतं, आणि त्याच दुपारी ते फाडलं. कारण भाकरी आणि पोतं एका पुस्तकात राहू शकत नव्हती. मग हिशोब केलाच होता की.

पुस्तकाचं कौतुक झालं. जिथे गेले तिथे सदतिसावं पान. एका कार्यक्रमात ते भिंतीएवढं मोठं करून लावलं होतं. बायका त्याच्यासमोर उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मलाही रडू आलं. खरंच आलं, नाटक नव्हतं — आपणच रचलेल्या गोष्टीवर आपल्याला रडू येतं, हे मला त्या दिवशी कळलं. प्रश्नोत्तरांत एका मुलानं उठून विचारलं, तुम्ही तुमच्या आईला माफ केलंत का?

मी माइक हातात घेतला. आणि मी म्हणाले — हो. केलं माफ.

टाळ्या वाजल्या. लोक उभे राहिले होते.

मावशीला पुस्तक दाखवायला मी स्वतः गेले. का गेले? न जाता भागलं असतं. पण तिच्या कानावर पडलं होतं, की लेकीनं पुस्तक काढलंय, त्यात तू आहेस. तिनं दोनदा निरोप पाठवला. सत्तरी आली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. ओट्यावर बसून तिनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि एकेक पान डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागली. अक्षर येत नव्हतं, पण चित्र तिला बरोबर कळत होतं. दुकान ओळखलं. बहिणीला ओळखलं, तिच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. स्वामींना हात जोडले. मी शेजारी बसून खालच्या ओळी वाचून दाखवत होते.

सदतिसावं पान आलं. तिनं पान उन्हाकडे धरलं.

“ह्ये माझ्या डोक्यावर काय हाय ग?”

मी म्हणाले, “तुझं गाठोडं, मावशी.”

“लई मोठं काडलंस,” ती म्हणाली. मग त्या ओळीवर बोट ठेवून, “अन् हितं काय लिवलंय?”

मी वाचलं. मोठ्यानं, स्पष्ट, शाळेत वाचते तसं वाचलं — “मावशी रिकाम्या हातानं परत गेली.”

तिच्या तोंडावर जे समाधान आलं ना, ते मला काढता येणार नाही. मी कधी काढणारही नाही. ती म्हणाली, “बरं केलंस. लिवून ठिवलंस.”

तेव्हा सांगता आलं असतं. तिच्या पाया पडून, तिथंच. मी काय केलं? घड्याळ बघितलं आणि एसटीची वेळ झाली म्हणाले. पुस्तक परत पिशवीत घालायला हात पुढे केला, तर ती सोडेना. म्हणाली, “राहू दे. नातीकडून वाचून घेते परत.” तिची नात दहावीत. ओसरीतच अभ्यास करत बसली होती, चुणचुणीत मुलगी, वाचायला पक्की. मी तिच्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. मुखेडपासून लातूरपर्यंत खिडकीशी बसून एकच मनात — आज नाही वाचणार, आज तिचा अभ्यास आहे. उद्याही कदाचित नाही. जणू असं म्हणत राहिलं की ते कधी वाचलंच जाणार नव्हतं.

निरोप आला नाही. एक महिना नाही, दोन महिने नाही. मीही फोन केला नाही. काय बोलणार होते? दरम्यान पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. प्रकाशनाच्या बाईंनी विचारलं, काही दुरुस्ती? मी म्हणाले, नाही. छापा तसंच. एक ओळ तर बदलायची होती. एक पोतं पुसायचं होतं, पांढऱ्या रंगाचा एक हात मारला की झालं. मला जमलं नाही. पोतं पुसलं तर लोक विचारतील का पुसलं, आणि मग टाळ्या — त्या परत कशा करायच्या?

मावशी आता नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली. पण जायच्या आधी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिला लातूरला आणलं होतं. तेवढं सांगायचं राहिलंय. तेच सांगायला इतका वेळ लावला.

तिचा मुलगा तिला दवाखान्यातून रिक्षानं आमच्या घरी घेऊन आला. घर तेच, पायरी तीच, फक्त दुकान आता भाड्यानं दिलंय. डोळ्यावर हिरवी पट्टी. मी सवयीनं पायरीवर चटई टाकली. तिनं चटईला पाय लावून बघितला, आणि तिच्यावरून पुढे आली. उंबरा ओलांडला. भिंतीला हात धरून धरून सरळ स्वयंपाकघरात गेली. मला दिल्यापासून ती तिथं कधी गेली नव्हती, तरी बरोबर गेली. खाली बसली, मांडी घातली.

म्हणाली, “वाढ काय असंल ते.”

मी तशीच उभी. तिचा मुलगाही दारात बघतच राहिला, त्यानंही हे कधी पाहिलं नव्हतं. मी कसंबसं विचारलं, “मावशी, तू तर इथलं खात नाहीस.”

तिनं तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. राग नव्हता. टोमणाही नव्हता; टोमणा असता तर मी धरून बसले असते. एखाद्याला पत्ता सांगावा तसं साधं म्हणाली, “आता काय ऱ्हायलंय बाई. पोतं घेतलंच हाय की म्या. समद्यांनी वाचलंय.”

मी ताट घेतलं. भाकरी, वरण, शेपूची भाजी, कांदा. तिच्यासमोर ठेवलं. तिनं चाचपून भाकरी कुठे आहे ते बघितलं आणि खायला लागली. सावकाश, नीट चावून. मध्ये एकदा म्हणाली, “भाजी बरी झाली.” दुसरी भाकरी मागून घेतली.

मग पाणी मागितलं. मी आमच्या माठातलं दिलं. तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळं प्यायली.